दोन बोटं माया

मनामाच्या जुन्या बाजारात, सोनारांच्या रांगेमागे
माझं दुकान. आठ फूट बाय अकरा.
दोन मशिनी, एक पिको-फॉलची,
एसीखाली निळी बादली, दर दीड तासाने ओतायची.
एकोणीस वर्षं इथे कापलं, उसवलं, पुन्हा शिवलं.
अबाया आखूड केल्या,
एका नर्सच्या गणवेशाला सहा महिन्यांत तीनदा जागा दिली,
बाळ होईपर्यंत.
आत माया होती म्हणून जमलं.

कुंजुमोन कागद घेऊन आला.
मालकाचा माणूस, पण घाम आपल्यासारखाच.
म्हणाला, दीदी, तीन वर्षं भाडं वाढणार नाही,
एक फिल्ससुद्धा नाही.
फक्त चौदावं कलम नीट बघून घ्या.

मी चष्मा लावून बघितलं.
मुदत संपल्यावर भाडेकरू नूतनीकरण मागणार नाही.
मागण्याचा हक्क तो आजच सोडत आहे,
राजीखुशीने, कोणाच्याही दबावाखाली न येता.

हे वाक्य मला पाठ होतं.
देवरुखला, निबंधकाच्या कचेरीत,
भावांनी पुढे केलेल्या कागदावर हेच होतं:
राजीखुशीने.
सतरा काजूची झाडं आणि विहिरीतला पाव हिस्सा.
हक्कसोड झाल्यावर थोरल्याने खालच्या हॉटेलात मिसळ घेतली,
मोरपिशी साडीही.
वहिनी म्हणाली, आता माहेर कायमचं तुमचं.
तेव्हाही कोणी हात धरला नव्हता.
फक्त सगळे माझ्या हाताकडे बघत होते.

शेजारच्या तनवीरने कालच सही केली, न वाचता.
सियालकोटचा न्हावी. म्हणतो,
बाजी, माझी खुर्ची चाकांची आहे.
फ्रेमवाले ठक्करकाका अजून पेन शोधतायत,
पंधरा दिवस झाले.
भिंतीवर त्यांच्या विकायला ठेवलेल्या पन्नास रिकाम्या चौकटी.

म्हातारे हाजी मन्सूर असते तर मी त्यांच्याकडे गेले असते.
ते दर रमजानला खजुरांचा डबा पाठवायचे
आणि दारातूनच म्हणायचे, दुकान तुझंच आहे, बिन्ती.
ते कागदावर कुठेच नव्हतं.
त्यांचा मुलगा लंडनमध्ये शिकला. वाईट नाही तो.
त्याला गल्ली सरळ हवी आहे, काचेची,
आणि तीन वर्षांनी कोणाशी वाद नको.
कपडा आतून साफ दिसावा म्हणून
काही गिऱ्हाइकं सांगतात ना, सगळं कापून टाका,
तसं.
मी त्यांना सांगते, बाई, दोन बोटं तरी राहू द्या,
अंग काय, आज आहे तसं उद्या असतं का?

कुंजुमोनला म्हटलं, एक दुरुस्ती कर.
कागदात मी "तो" आहे. "ती" कर.
त्याने ऑफिसला फोन लावला, बाजूला जाऊन बोलला,
परत येऊन म्हणाला,
कायद्याने काही फरक पडत नाही म्हणतात, दीदी.
मग मी विचारलं, फरक पडत नाही तर बदलायला काय जातं?
तो हसला. मीही हसले.
बादली भरली होती, ती ओतून आले.

सही केली. प्रत्येक पानावर छोटी, शेवटी मोठी.
सुलभा मधुकर करंबेळकर.
पेन त्याचंच होतं, त्याला परत दिलं.

तो जातोय तोच
एक आई मुलीला घेऊन आली. शाळेचा पिनाफोर,
मुलगी सहावीतली, मनगटं आधीच बाहीबाहेर आलेली.
वाढतं अंग आहे, आई म्हणाली, जरा बघून शिवा.
मी टेप गळ्यातून काढली. छाती, कंबर, उंची.
वहीत लिहिलं आणि पुढे, नेहमी लिहीत नाही ते:
माया, चार बोटं.

किती चालेल? आईने विचारलं.
तीन वर्षं तरी, मी म्हटलं.